जवाहिऱ्याचा हिशेब : महमूद अल-गोहरी आणि इजिप्तचा फुटबॉल

२१ जून १९९०ची रात्र. इटलीत विश्वचषक चालू आहे आणि ‘फ’ गटाचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू झालेत. सिसिलीतल्या पालेर्मोत नेदरलँड्स विरुद्ध आयर्लंड आणि सार्दिनिया बेटावरच्या काल्यारीत इंग्लंड विरुद्ध इजिप्त. याआधी या गटात चार सामने झालेत आणि चारही बरोबरीत सुटलेत. त्या काळी विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक, त्यामुळे चारही संघांच्या खात्यात दोन-दोन गुण आहेत.

दहाव्या मिनिटाला पालेर्मोत रूड गुलिटने आयर्लंडवर गोल चढवला. काल्यारीत अजून शून्य-शून्य. आता कागद-पेन्सिल घ्या. खेळ इथेच थांबला असता तर नेदरलँड्स चार गुणांवर, इंग्लंड आणि इजिप्त तीन-तीन गुणांवर, आयर्लंड दोनवर. त्या स्पर्धेत सहा गट होते. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे जाणार आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सहा संघांपैकी सर्वांत सरस चार. बाकीच्या गटांचे निकाल लागले होते आणि त्यातल्या दोन ‘तिसऱ्यां’कडे दोनच गुण होते. म्हणजे तीन गुणांवरचा इजिप्त दुसरा आला काय आणि तिसरा आला काय, बाद फेरीत जाणार हे नक्की.

मध्यंतर धरलं तर जवळजवळ तासभर इजिप्त विश्वचषकाच्या शेवटच्या सोळांत होता. मग पॉल गॅस्कॉइनने डावीकडून फ्री-किक टाकली, गोलरक्षक अहमद शुबैर पुढे आला पण चेंडूपर्यंत पोचला नाही, आणि मार्क राइटचं डोकं लागून चेंडू जाळ्यात गेला. इंग्लंड १, इजिप्त ०. सहा सामन्यांच्या त्या गटात निकाल लागलेला हा एकुलता एक सामना. इजिप्त गटात शेवटचा.

या संघाच्या बाकावर बसलेल्या माणसाविषयी हा लेख आहे. जगाने त्या वेळी त्याला ‘भ्याड खेळ खेळवणारा’ म्हणून नावं ठेवली. मला तो भ्याड वाटत नाही. स्वतःकडे नक्की काय आहे हे ओळखून त्याच्या पलीकडचा एक पैसाही उधार न घेणारा माणूस वाटतो. फुटबॉलमध्ये अशी माणसं फार कमी लोकप्रिय होतात.

आधी नावाचं बघू. महमूद अल-गोहरी. अरबीत ज्याला ‘ज’ म्हणतात त्याचा उच्चार कैरोत ‘ग’ होतो. म्हणून जमालचा गमाल होतो, गमाल अब्देल नासेर. तसाच जौहरीचा गोहरी. आपल्याकडचे जवाहीर, जवाहिऱ्या, जव्हेरी हे शब्द ज्या मुळातून आलेत तिथूनच हे आडनाव आलंय. म्हणजे इजिप्तच्या फुटबॉलमधला सर्वांत मोठा पारखी आडनावाने जव्हेरीच निघाला. योगायोग आहे, पण सोडवत नाही.

गोहरी यांचा जन्म २० फेब्रुवारी १९३८चा. खेळायचे कैरोच्या अल-अहली क्लबकडून, आघाडीला. १९५९ साली आफ्रिकन नेशन्स कपची दुसरी स्पर्धा कैरोत भरली, तेव्हा ते २१ वर्षांचे होते. ‘स्पर्धा’ या शब्दाने दडपून जाऊ नका. एकूण संघ तीन : यजमान, सुदान आणि इथिओपिया. पहिल्या खेपेलाही, १९५७ साली सुदानमध्ये, हेच तीन होते. चौथा व्हायला हवा होता दक्षिण आफ्रिका, कारण आफ्रिकन फुटबॉल महासंघ स्थापन करणाऱ्या चार देशांत तो होता. पण वर्णद्वेषी धोरणामुळे मिश्र संघ पाठवायला त्यांनी नकार दिला आणि ते बाहेर राहिले. हे दक्षिण आफ्रिका प्रकरण लक्षात ठेवा, पुढे ते परत येणार आहे.

१९५९मध्ये इजिप्त आणि सीरिया मिळून ‘संयुक्त अरब प्रजासत्ताक’ होतं, त्यामुळे नोंदीत विजेत्याचं नाव तेच लागतं. इथिओपियाला ४-० हरवलं त्यात तीन गोल गोहरींचे. सुदानला २-१ हरवलं आणि कप कैरोतच राहिला. तीन गोलांवर गोहरी स्पर्धेतले सर्वाधिक गोल करणारे ठरले. ज्या माणसाला पुढे आयुष्यभर ‘बचावात्मक’ म्हणून हिणवलं, त्याची ओळख सुरू होते ती हॅटट्रिकने.

खेळाडू म्हणून गोष्ट इथेच जवळपास संपते. दुखापतीने त्यांची कारकीर्द ऐन उमेदीत थांबली. ते सैन्यात अधिकारी होते, आणि पुढे लोकांनी त्यांना ‘जनरल’ हे नाव दिलं ते यातूनच. शिस्त, वेळापत्रक, जेवणखाण, झोपायची वेळ या गोष्टींचा त्यांचा आग्रह बघता ते नाव फार ताणून दिलेलं नव्हतं.

प्रशिक्षक म्हणून पहिलं मोठं यश आपल्याच क्लबकडे आलं. १९८२ साली अल-अहलीने आफ्रिकन चॅम्पियन्स क्लब कप पहिल्यांदा जिंकला. अंतिम फेरीत घानाच्या असांते कोटोकोला कैरोत ३-०, कुमासीत १-१. आज अल-अहलीच्या कपाटात हा करंडक डझनभर वेळा आलाय. पहिला आणला तो गोहरींनी.

आता थोडं थांबून एक गोष्ट समजून घेऊ, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. क्लबचा प्रशिक्षक आणि देशाचा प्रशिक्षक ही दोन वेगळी कामं आहेत. क्लबच्या प्रशिक्षकाकडे खेळाडू रोज सकाळी येतो. चूक झाली तर उद्या दुरुस्त करता येते, उद्या जमलं नाही तर परवा. देशाच्या प्रशिक्षकाला खेळाडू मिळतात ते उधारीवर. वर्षातून काही वेळा, चार-पाच दिवस. एक क्लब त्याला वर चढून खेळायला शिकवतो, दुसरा मागे राहायला. या सगळ्यांची मोट पाच दिवसांत बांधायची आणि सहाव्या दिवशी मैदानात उतरवायची. भारतात राष्ट्रीय शिबिरासाठी क्लबांनी खेळाडू कधी सोडायचे यावरून जी दरवर्षी ओढाताण चालते, ती ज्यांनी पाहिलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

१९८८ साली गोहरी इजिप्तच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. इजिप्त विश्वचषकात खेळणारा पहिला आफ्रिकी देश. १९३४ साली नेपल्समध्ये हंगेरीकडून ४-२ हरले, आणि मग पुन्हा कधी पोचलेच नाहीत. अर्धशतक उलटून गेलं होतं.

पात्रतेच्या शेवटच्या टप्प्यात गाठ पडली अल्जीरियाशी. पहिला सामना कॉन्स्टंटीनमध्ये शून्य-शून्य. दुसरा १७ नोव्हेंबर १९८९ला कैरोत, लाखाहून जास्त लोकांसमोर. चौथ्या मिनिटाला अहमद अल-कासचा क्रॉस आला आणि २३ वर्षांच्या हुसाम हसनने उडी घेऊन हेडर मारला. मग उरलेली शहाऐंशी मिनिटं इजिप्तने तो एक गोल तिजोरीत ठेवल्यासारखा सांभाळला.

शिट्टी वाजल्यावर जे झालं ते मात्र लाजिरवाणं होतं. पंचांना घेराव, हाणामाऱ्या, आणि नंतरच्या धुमश्चक्रीत इजिप्तच्या संघाच्या डॉक्टरचा एक डोळा कायमचा अधू झाला. त्यातून अल्जीरियाच्या एका खेळाडूवर निघालेलं आंतरराष्ट्रीय अटक वॉरंट वीस वर्षं उभं होतं. इजिप्त-अल्जीरिया सामना म्हटला की आजही दोन्हीकडचे लोक दात-ओठ खातात, त्याचं एक मोठं मूळ या संध्याकाळी आहे.

पात्र तर झाले. आता इटलीत समोर कोण? युरोपचा विजेता नेदरलँड्स, इंग्लंड आणि प्रशिक्षक जॅक चार्ल्टनचा आयर्लंड. गोहरींकडचे खेळाडू जवळजवळ सगळे देशांतर्गत लीगमधले. इथे त्यांनी मागितलं ते कुठल्याही प्रशिक्षकाला स्वप्नातही मागायची हिंमत होणार नाही असं : अख्खी लीग. १९८९-९०चा इजिप्तचा लीगचा हंगाम रद्द झाला, कारण राष्ट्रीय संघाला विश्वचषकाची तयारी करायची होती. वर सांगितलेला उधारीचा प्रश्न त्यांनी असा सोडवला. राष्ट्रीय संघाचाच क्लब करून टाकला. खेळाडू महिनोन्महिने एकत्र, रोज एकाच माणसाच्या हाताखाली.

हे योग्य होतं का? मला विचाराल तर एकदाच करता येण्यासारखं होतं. लीग हे रोजचं जेवण आहे. एका लग्नासाठी घरची चूल वर्षभर बंद ठेवली तर लग्न थाटात होईल, पण जे खेळाडू संघात नव्हते त्यांचं काय? क्लबांच्या तिकीटविक्रीचं काय? तरीही गोहरींच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. बांधलेल्या संघाशिवाय पुढचे तीन सामने झाले असते तर गोलांची नुसती रास पडली असती.

१२ जून १९९०, पालेर्मो. समोर गुलिट, व्हॅन बास्टन, राइकार्ड, कुमान. नेदरलँड्सने उत्तरार्धात एक गोल केला आणि सगळ्यांना वाटलं आता धबधबा सुरू होणार. झाला नाही. उलट ८३व्या मिनिटाला कुमानने हुसाम हसनला खेचलं, पेनल्टी मिळाली आणि मगदी अब्देलघनीने ती मारली. १-१. या गोलाचं पुढे इजिप्तमध्ये विनोदात रूपांतर झालं. इजिप्त नंतर २०१८पर्यंत विश्वचषकातच गेला नाही, त्यामुळे अब्देलघनी अठ्ठावीस वर्षं ‘विश्वचषकात इजिप्तचा शेवटचा गोल माझा’ हे जमेल तिथे ऐकवत राहिले. मोहम्मद सलाहने रशियाविरुद्ध पेनल्टी मारली तेव्हा अर्ध्या देशाला आनंद गोलाचा झाला आणि अर्ध्याला अब्देलघनी आता गप्प बसणार याचा.

मग १७ जूनला आयर्लंड. हा सामना आज बघायला बसाल तर झोप येईल, पण फुटबॉलचे नियम समजून घ्यायचे असतील तर जरूर बघा. त्या काळी आपल्याच खेळाडूने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात उचलता यायचा. म्हणजे बचावपटू अडचणीत आला की मागे गोलरक्षकाकडे चेंडू द्यायचा, गोलरक्षकाने तो उचलायचा, थोडा वेळ धरायचा, बाजूला टाकायचा, परत घ्यायचा. समोरच्याला चेंडू मिळणारच नाही. इजिप्तने हे पद्धतशीरपणे केलं. आयर्लंडनेही काही वेगळं केलं असं नाही, त्यांचा गोलरक्षक पॅकी बॉनरही त्या स्पर्धेत चेंडू छातीशी धरून उभा असायचा. निकाल शून्य-शून्य. चार्ल्टन जाम भडकले आणि इजिप्त खेळायलाच आला नव्हता अशा अर्थाचं जाहीरपणे बोलले.

१९९२ साली नियम बदलला. पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताळायचा नाही. १९९०च्या अख्ख्या विश्वचषकातल्या कंटाळवाण्या खेळाचा तो परिणाम होता, आणि त्याचं उदाहरण द्यायची वेळ आली की पालेर्मोतला हा सामना हमखास निघतो. आज गोलरक्षक पायाने पास देताना दिसतो, त्याच्यावर धावून येणाऱ्या स्ट्रायकरला चुकवतो, कधी फसतो. त्यामागे थोडा हात गोहरींचाही आहे, जरी त्यांना तो अभिप्रेत नव्हता.

पण त्यांच्या बाजूने हिशेब करून बघा. गटात चार संघ, विजयाला दोनच गुण, तिसरा येऊनही पुढे जायची संधी. अशा रचनेत बरोबरी ही फार मौल्यवान वस्तू असते. आज विजयाला तीन गुण आहेत, म्हणून बरोबरीची किंमत उतरली. तेव्हा ती विजयाच्या निम्मी होती. तीन बरोबऱ्या म्हणजे तीन गुण, आणि तीन गुणांवर त्या वर्षी तिसऱ्या क्रमांकाचे चार संघ पुढे गेले. राइटचा तो हेडर बाहेर गेला असता तर? आयर्लंडने नंतर नेदरलँड्सशी बरोबरी साधली, म्हणजे गटातले सहाही सामने बरोबरीत. चौघांचे तीन-तीन गुण. आयर्लंड आणि नेदरलँड्सचे दोन-दोन गोल, इंग्लंड आणि इजिप्तचा एक-एक. गोलफरक सगळ्यांचा शून्य. इंग्लंड की इजिप्त हे चिठ्ठ्या टाकूनच ठरवावं लागलं असतं. प्रत्यक्षातही दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकासाठी आयर्लंड आणि नेदरलँड्समध्ये चिठ्ठ्या टाकल्याच. म्हणजे त्या वर्षी उपांत्य फेरीपर्यंत गेलेला इंग्लंड एका हेडरने चिठ्ठीच्या डब्यातून वाचला. गोहरींनी मांडलेलं गणित एवढ्या जवळ येऊन चुकलं.

घरी परतल्यावर कौतुक झालं, पण टिकलं नाही. ऑक्टोबर १९९०मध्ये अथेन्सला ग्रीसविरुद्ध एक मैत्रीपूर्ण सामना झाला, ६-१ असा हरले, आणि गोहरींना काढलं. मैत्रीपूर्ण सामन्यावरून! लवकरच परत बोलावलं. ही ये-जा त्यांच्या आयुष्यात इतकी चालली की एका टप्प्यानंतर मोजणं सोडून द्यावं. १९९२च्या आफ्रिकन कपमध्ये दोन्ही सामने हरून गटातच बाद, त्याच वर्षी अलेप्पोत अरब कप जिंकला.

मग आला दगड. २८ फेब्रुवारी १९९३, कैरो. १९९४च्या विश्वचषकाची पात्रता फेरी, समोर झिम्बाब्वे. पाहुण्यांना बरोबरी पुरेशी, इजिप्तला जिंकायलाच हवं. झिम्बाब्वेने आधी गोल केला, तरी इजिप्त २-१ जिंकला. फक्त सामना चालू असताना प्रेक्षकांतून वस्तू भिरकावल्या जात होत्या आणि झिम्बाब्वेचे जर्मन प्रशिक्षक राइनहार्ड फाबिश यांच्या डोक्याला मार बसला. फिफाने निकाल रद्द केला. सामना पुन्हा, आणि तोही त्रयस्थ ठिकाणी, फ्रान्समध्ये लियोंला. तिथे शून्य-शून्य. झिम्बाब्वे पुढे, इजिप्त बाहेर. शून्य-शून्यवर जगलेल्या माणसाला शून्य-शून्यनेच बुडवलं.

आता जे येतं ते इजिप्तबाहेरच्या माणसाला पटकन उमगत नाही. कैरोत दोन क्लब आहेत, अल-अहली आणि झमालेक. देश या दोघांत वाटलेला. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल डोळ्यासमोर आणा. कैरोत या दोघांच्या सामन्यात गडबड होऊ नये म्हणून कित्येकदा पंच परदेशातून आणतात. गोहरी अल-अहलीचे. तिथे खेळले, तिथे प्रशिक्षक झाले, त्यांना पहिला आफ्रिकन करंडक मिळवून दिला. आणि १९९३ साली ते झमालेकच्या बाकावर जाऊन बसले.

त्याच वर्षी झमालेक आफ्रिकेचा क्लबविजेता झाला. अंतिम फेरीत समोर पुन्हा असांते कोटोको, अकरा वर्षांपूर्वीचाच प्रतिस्पर्धी. दोन्ही सामने शून्य-शून्य, पेनल्टीत ७-६. जानेवारी १९९४मध्ये जोहान्सबर्गला आफ्रिकन सुपर कप झाला. एका बाजूला झमालेक, दुसऱ्या बाजूला दुसरी आफ्रिकन स्पर्धा जिंकलेला अल-अहली. घरचं भांडण सातासमुद्रापार नाही तरी खंडाच्या पार दुसऱ्या टोकाला गेलं. शेवटच्या मिनिटांत अयमन मन्सूरने लांबून फटका मारला. झमालेक १, अल-अहली ०. दोन्ही घरांत खंडाचा करंडक नेणारा हा माणूस पहिला, आणि एका घराने त्याला त्यासाठी मनापासून माफ केलं असेल असं वाटत नाही.

१९९७ला राष्ट्रीय संघ पुन्हा त्यांच्याकडे आला. १९९८चा आफ्रिकन कप बुर्किना फासोत. इथे जव्हेरीपणा दिसतो तो एका निवडीत. हुसाम हसन तेव्हा ३१ वर्षांचा होता, आणि स्ट्रायकर म्हणून त्याचे दिवस भरले असं म्हणणारे बरेच होते. गोहरींनी त्याला घेतलं. कारण साधं आहे. बचाव घट्ट ठेवून खेळणाऱ्या संघाला पुढे असा एक माणूस लागतो जो अर्धा तास चेंडूशिवाय काढेल आणि मिळालेली एक संधी वाया घालवणार नाही. पळण्यापेक्षा थांबता येणं महत्त्वाचं. ते वयाबरोबर येतं.

हुसामचे मोझांबिकविरुद्ध दोन गोल, झांबियाविरुद्ध तीन. मोरोक्कोकडून अगदी शेवटी एका गोलाने हार. उपांत्यपूर्व फेरीत आयव्हरी कोस्टशी शून्य-शून्य आणि पेनल्टीत सुटका. उपांत्य फेरीत यजमान बुर्किना फासोला २-०, दोन्ही गोल हुसामचे. एकूण सात. स्पर्धेतला दुसरा सात गोलवाला होता दक्षिण आफ्रिकेचा कोवळा बेनी मॅकार्थी, आणि अंतिम सामना त्याच्याच संघाशी होता.

दक्षिण आफ्रिका! १९५७ला ज्यांच्या नावापुढे जागा रिकामी राहिली ते वर्णभेद संपल्यावर परतले होते आणि १९९६चा कप जिंकून आता गतविजेते म्हणून आले होते. २८ फेब्रुवारी १९९८, वागाडुगू. पाचव्या मिनिटाला अहमद हसन, तेराव्या मिनिटाला तारेक मुस्तफा. २-०. उरलेला सव्वा तास कसा गेला असेल ते आता तुम्हाला सांगायला नको. तिजोरी बंद, किल्ली गोहरींच्या खिशात. झिम्बाब्वेविरुद्धच्या त्या दगडाच्या दिवसाला बरोबर पाच वर्षं झाली होती, तारीखही तीच.

खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणून, दोन्ही नात्यांनी आफ्रिकन कप जिंकणारे गोहरी पहिले. मध्ये एकोणचाळीस वर्षं गेली. पुढे २०१३ साली नायजेरियाचा स्टीफन केशी त्यांच्या शेजारी येऊन बसला.

सतरा महिन्यांनी मेक्सिकोत कॉन्फेडरेशन्स कपमध्ये इजिप्तने यजमान मेक्सिकोशी २-२ बरोबरी केली आणि सौदी अरेबियाकडून ५-१ हरले. पुन्हा पायउतार. २००२च्या विश्वचषकासाठी पुन्हा बोलावणं, पुन्हा अपयश, सेनेगल पुढे गेला. आफ्रिकन कपच्या बाबतीत हसन शहाता हे प्रशिक्षक नंतर त्यांच्याही पुढे गेले. २००६, २००८ आणि २०१०, लागोपाठ तीन. पण शहातांना विश्वचषक मिळाला नाही. नोव्हेंबर २००९मध्ये सुदानच्या ओम्डुरमानमध्ये एका गोलाने हुकला, आणि समोर कोण होतं तर अल्जीरियाच. विसाव्या शतकातल्या उत्तरार्धातला इजिप्तचा एकमेव विश्वचषक गोहरींच्या नावावर राहिला.

२००२ साली, चौसष्टाव्या वर्षी, ते जॉर्डनला गेले. लोकांनी याला निवृत्तीची सोय समजलं असणार. जॉर्डन तोवर कधी आशिया कपच्या मुख्य स्पर्धेत खेळलाच नव्हता. २००४ला तो चीनमध्ये पोचला. गटात दक्षिण कोरियाशी शून्य-शून्य, कुवेतवर २-०, संयुक्त अरब अमिरातीशी शून्य-शून्य. तीन सामने, एकही गोल खाल्ला नाही. अक्षर ओळखू येतं ना?

उपांत्यपूर्व फेरीत चोंगचिंगला समोर जपान, गतविजेता. १-१, जादा वेळेतही तेवढंच, मग पेनल्टी शूटआऊट. जपानचा पहिला फटका मारताना शुन्सुके नाकामुराचा टेकणारा पाय घसरला, चेंडू वरून. दुसरा अलेक्स, तोही घसरला, तोही वरून. तेव्हा जपानचा कर्णधार त्सुनेयासु मियामोतो पंचांकडे चालत गेला आणि म्हणाला, इथली जमीन खराब आहे, दुसऱ्या टोकाच्या गोलवर घ्या. शूटआऊट चालू असताना! आणि पंचांनी ऐकलं. सगळे मैदान ओलांडून पलीकडे गेले. जॉर्डन पुढे असूनही तिथे त्यांचे फटके चुकत गेले, योशिकात्सु कावागुचीने गोल राखला, आणि जपान ४-३ने सुटला. पुढे त्यांनीच कप जिंकला.

मला हा प्रसंग काल्यारीपेक्षाही जिव्हारी लागतो. काल्यारीत निदान राइटने डोकं तरी लावलं होतं. इथे गोहरींनी सगळं मोजलं होतं, फक्त मैदानाचं टोक बदलेल हे कुणी मोजणार?

त्याच ऑगस्टमध्ये फिफाच्या क्रमवारीत जॉर्डन ३७व्या क्रमांकावर होता, तोवर कधी नव्हता इतका वर. गोहरी तिथे २००७पर्यंत प्रशिक्षक राहिले. जॉर्डनची राजधानी अम्मानशी त्यांचं नातं पुढेही तुटलं नाही, आणि ३ सप्टेंबर २०१२ला त्यांनी डोळे मिटले तेही अम्मानमध्येच.

त्यानंतर वर्षभराने जॉर्डन विश्वचषकाच्या उंबरठ्यावर गेला, आंतरखंडीय प्लेऑफमध्ये उरुग्वेसमोर. अम्मानमध्ये ५-० असा धुतला गेला, मग मॉन्टेव्हिडिओत जाऊन शून्य-शून्य राखून आला. बाकावर प्रशिक्षक होता हुसाम हसन. तोच, कैरोतल्या चौथ्या मिनिटाचा हेडरवाला. जून २०२५मध्ये जॉर्डन अखेर पहिल्यांदा विश्वचषकासाठी पात्र ठरला, तोवर हुसाम तिथून केव्हाच निघून गेला होता. तो २०२४च्या सुरुवातीपासून इजिप्तच्या बाकावर आहे, शेजारी जुळा भाऊ इब्राहिम. ८ ऑक्टोबर २०२५ला कासाब्लांकात जिबुतीला ३-० हरवून त्याने इजिप्तला २०२६च्या विश्वचषकात नेलं. दोन गोल सलाहचे होते. सलाह तेव्हा ३३ वर्षांचा होता, आणि त्याचेही दिवस भरले असं म्हणणारे बरेच होते.